दुधाच्या दातांचे अर्थकारण

दुधाचे दात पडणारच असतात; मग ते किडले म्हणून एवढा बाऊ कशाला, हा प्रश्न आपल्याकडे घरोघरी विचारला जातो. तो विचारणारे अशिक्षित असतात असेही नाही. मुलाच्या शिकवणीवर, गणवेशावर आणि वह्यापुस्तकांवर काटेकोरपणे खर्च करणारा मध्यमवर्गीय पालकही मुलाची काळी पडलेली दाढ पाहून ‘नवी येईलच’ असे म्हणतो आणि निश्चिंत होतो. या निश्चिंतीची किंमत मात्र मूल मोजत असते. रात्री ठणका लागून ते जागे होते, दिवसा एकाच बाजूने चावते, वर्गात गालावर हात ठेवून बसते. आणि पुष्कळदा आपल्याला नेमके काय होत आहे हे त्याला सांगताही येत नाही. घरात मात्र ‘हल्ली फार किरकिर करतो’ एवढीच त्याची नोंद होते.

हा विकार किती पसरला आहे, याची कल्पना अधिकृत आकड्यांवरून येते. भारतीय दंत परिषदेने २००२-०३ मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पाच वर्षांच्या मुलांपैकी ५१.९ टक्के, बारा वर्षांच्या मुलांपैकी ५३.८ टक्के आणि पंधरा वर्षांच्या मुलांपैकी ६३.१ टक्के मुलांचे दात किडलेले आढळले. म्हणजे पहिल्या इयत्तेची पायरी चढण्यापूर्वीच दर दोन मुलांपैकी एकाच्या तोंडात हा रोग घर करून बसलेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगातील सुमारे ५१ कोटी ४० लाख मुलांचे दुधाचे दात किडलेले आहेत. अन्य कोणत्याही रोगाने निम्मी बालके ग्रासली असती तर विधिमंडळात प्रश्न उपस्थित झाले असते. दातांची कीड सहसा जीव घेत नाही, आणि म्हणूनच ती कोणाच्या खिजगणतीत नसते.

‘पडणारच’ हा हिशेब

‘पडणारच’ या युक्तिवादात हिशेबाची एक साधी चूक आहे. वस्तू केव्हातरी टाकून द्यावयाची आहे, एवढ्यावरून तिचे आजचे मूल्य शून्य ठरत नाही. दहा वर्षांनी मोडीत निघणाऱ्या स्कूटरला आपण वेळच्या वेळी तेलपाणी करतोच. दुधाचे दात तर याहून अधिक मोलाचे काम करतात. साधारणतः सहाव्या महिन्यात पहिला दात दिसू लागतो आणि अडीच-तीन वर्षांपर्यंत वीसही दात येतात. समोरचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडू लागतात हे खरे. परंतु दुधाच्या दाढा दहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत टिकावयाच्या असतात. शरीराची व बुद्धीची वाढ ज्या काळात सर्वांत झपाट्याने होते, ती आठ-नऊ वर्षे मुलाचे अन्न चावण्याचे काम या दाढांनाच करावे लागते.

शिवाय त्या खाली वाढणाऱ्या कायमच्या दातांची जागा राखून ठेवतात. दाढ किडून अकाली काढावी लागली की शेजारचे दात त्या रिकाम्या जागेकडे सरकतात आणि कायमचा दात वेडावाकडा येतो. कीड मुळापर्यंत पोचून गळू झाले तर त्याच्या संसर्गाने खालच्या कायमच्या दातालाही इजा होऊ शकते. त्यात आणखी एक गोष्ट पालकांच्या लक्षात येत नाही. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या शेवटच्या दाढेमागे, एकही दात न पडता, पहिली कायमची दाढ गुपचूप उगवते. तीही दुधाचीच समजून तिची हेळसांड होते. वास्तविक ती जन्मभराची असते. ती गेली की दुसरी येत नाही.

कीड म्हणजे किडा नव्हे

या विकाराला आपल्या भाषेने ‘कीड’ हे नाव दिले आणि त्याबरोबर एक गैरसमजही दिला. दातात किडा शिरतो व तो दात पोखरतो, अशी समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. रिंगणीच्या बियांची धुरी घेऊन तो किडा बाहेर काढण्याचे उपायही खेडोपाडी झाले. वस्तुतः किडा असा कोणी नसतो. तोंडात नित्य वास करणारे सूक्ष्म जंतू दातांवर चिकट थर धरतात, खाण्यातील साखरेवर जगतात आणि तिचे आम्ल बनवतात. या आम्लाने दाताच्या चकाकत्या कवचातील क्षार विरघळू लागतात. लाळ हे आम्ल हळूहळू सौम्य करते आणि गेलेले क्षार काही अंशी परत आणते. पण या दुरुस्तीला वेळ लागतो.

म्हणजे दाताच्या पृष्ठभागावर दिवसभर जमा आणि खर्च यांचा खेळ चालू असतो. दर वेळी गोड तोंडात पडले की खर्च. मध्ये पुरेसा खंड पडला की जमा. खर्च सतत जमेपेक्षा अधिक होत राहिला की प्रथम हिरडीच्या कडेला खडूसारखा पांढरा डाग दिसतो. या अवस्थेत रोग मागे फिरवता येतो. दुर्लक्ष झाले की तो डाग तपकिरी होतो, मग खळगा पडतो. आणि एकदा खळगा पडला की तो आपोआप भरून येत नाही. दंतवैद्याकडे जाण्याची खरी वेळ पांढऱ्या डागाची असते, ठणक्याची नव्हे. आपल्याकडे मात्र ठणक्याशिवाय कोणी त्या दारात जात नाही.

रात्री लाळेचा पाझर कमी होतो आणि दुरुस्ती जवळजवळ थांबते. म्हणूनच साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात ठेवून मुलाला झोपवण्याची सवय सर्वांत घातक ठरते. वरचे समोरचे चार दात दोन-तीन वर्षांच्या वयातच काळे पडून झिजलेली जी मुले दिसतात, त्यांच्या पाठीमागे बहुधा हीच बाटली असते. साखरेऐवजी गूळ वा मध दिल्याने दात वाचत नाहीत; जंतूंना या तिन्हींत फारसा भेद वाटत नाही.

सुट्या पैशांची गोळी

साखर किती खाल्ली यापेक्षा ती किती वेळा खाल्ली याला अधिक महत्त्व आहे, हे स्वीडनमधील व्हिपेहोल्म येथे १९४५ पासून झालेल्या प्रयोगांनी दाखवून दिले. तेथील मनोरुग्णालयातील रहिवाशांवर, त्यांची संमती न घेता हे प्रयोग झाले. नैतिकदृष्ट्या ते निंद्यच मानले पाहिजेत. परंतु त्यांचा निष्कर्ष निःसंदिग्ध होता. जेवणाबरोबर घेतलेल्या साखरेने कीड फारशी वाढली नाही; जेवणांच्या मधल्या वेळी चघळलेल्या चिकट टॉफीने मात्र ती झपाट्याने वाढली. पुढे स्वीडनमध्ये मुलांना गोड खाऊ फक्त शनिवारी देण्याची प्रथा रुजली.

नागपूरकरांना ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी लाकडी नंदी घेऊन दारोदार फिरणारी मुले खाऊ आणि बोजारा गोळा करतात, त्या दिवशी मनसोक्त गोड खातात आणि सण संपतो. दातांचे वैरी असे सण नव्हेत. दिवाळीचा लाडू नव्हे, की जेवणाच्या पानातली संत्रा बर्फीही नव्हे. खरा वैरी आहे तो रोजचा, अदखलपात्र वाटणारा रुपया-दोन रुपयांचा खाऊ. किराणा दुकानदाराकडे सुटे नसले की त्याने गोळी हातावर ठेवावी आणि ती मुलाच्या तोंडात जावी, हा व्यवहार इतका अंगवळणी पडला की गोळी हे जणू एक पूरक चलनच बनले. शाळेत वाढदिवसाला गोळ्या, पाहुण्यांच्या हातात बिस्किटांचा पुडा, चहात बुडवलेला टोस्ट, रडू थांबवण्यासाठी चॉकलेट. असे दिवसाचे सात-आठ प्रसंग सहज भरतात. प्रत्येक प्रसंग क्षुल्लक असतो, बेरीज मात्र क्षुल्लक राहत नाही.

येथे शिक्षकांच्या हाती पुष्कळ आहे. वर्गात वाढदिवसाला गोळीऐवजी पेन्सिल वाटावी, असा नियम करण्यास कोणाच्याही मंजुरीची गरज नसते. ज्या शहराची ओळखच संत्री आहे, तेथे संत्र्याच्या स्वादाची गोळी चघळण्यापेक्षा खरे संत्रे सोलून फोडी खाणे मुलांना शिकवता येणार नाही, असे कोण म्हणेल?

दोनशे ग्रॅमचा प्रश्न

प्रतिबंधाचा उपाय महाग असता तर गोष्ट निराळी होती. बालदंततज्ज्ञांची शिफारस अशी की पहिला दात दिसताच फ्लोराइडयुक्त टूथपेस्टने दिवसातून दोनदा दात घासण्यास आरंभ करावा. तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. जाहिरातीत ब्रशच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेली पेस्ट दिसते ती विक्रेत्याच्या सोयीची, मुलाच्या नव्हे. वाटाण्याएवढी पेस्ट म्हणजे सुमारे पाव ग्रॅम. दिवसातून दोनदा धरली तर वर्षाला दोनशे ग्रॅमसुद्धा लागत नाही. त्यात दर तीन महिन्यांनी एक, असे चार लहान ब्रश मिळवावेत. एका मुलाचा वर्षाचा सारा खर्च हाच. उलट, किडलेल्या एका दुधाच्या दाढेच्या मुळावर खाजगी दवाखान्यात उपचार करून वर टोपी बसवायची म्हटले तर काही हजार रुपये मोजावे लागतात. आणि भेदरलेल्या मुलाला धरून बसण्याचे दुःख त्या बिलात धरलेले नसते.

पैशाहून अधिक खर्च वेळेचा आहे. सात-आठ वर्षांपर्यंत मुलाच्या हाताला दाढेच्या मागच्या कोपऱ्यापर्यंत नीट घासण्याचे कौशल्य आलेले नसते. त्याला घासू द्यावे, पण नंतर मोठ्यांनी एकदा स्वतःच्या हाताने घासून द्यावे. रात्रीचे घासणे सकाळच्यापेक्षा महत्त्वाचे आहे आणि त्यानंतर पाण्याखेरीज काही देऊ नये. घासून झाल्यावर फेस थुंकावा; खळखळून चुळा भरल्या की औषधी अंशही धुऊन जातो. ही दोन-चार मिनिटे दमल्याभागल्या आईच्याच वाट्याला का यावीत, वडिलांनी का देऊ नयेत, हाही प्रश्न विचारण्याजोगा आहे.

पूर्वीची पिढी राखुंडीवर आणि कडुनिंबाच्या किंवा बाभळीच्या दातवणावर वाढली, तिचे दात कुठे किडले, असा एक आक्षेप नेहमी येतो. त्यात तथ्य एवढेच की त्या पिढीच्या बालपणी गोड खाऊ रोजचा नव्हता आणि साखर शिधापत्रिकेवर मोजून मिळत होती. खाणे बदलले, मग रक्षणाची साधनेही बदलणे क्रमप्राप्त आहे.

विदर्भाच्या पाण्याचे वेगळेपण

फ्लोराइडच्या बाबतीत विदर्भाने थोडे सावध राहणे इष्ट आहे. अमेरिकेत मिशिगन राज्यातील ग्रँड रॅपिड्स या शहराने १९४५ मध्ये पिण्याच्या पाण्यात अल्प प्रमाणात फ्लोराइड मिसळण्यास आरंभ केला आणि तेथील मुलांच्या दातांची कीड लक्षणीय प्रमाणात घटली. तोच प्रयोग येथे सरसकट करता येणार नाही. चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांतील अनेक गावांत विहिरी व हातपंपांच्या पाण्यात निसर्गतःच फ्लोराइड जास्त आहे. भारतीय मानकांनुसार लिटरमागे १ मिलिग्रॅम ही स्वीकार्य आणि, दुसरा स्रोत नसल्यास, १.५ मिलिग्रॅम ही परवानगीची मर्यादा आहे. त्यापलीकडे दीर्घकाळ असे पाणी प्यायले तर दातांवर तपकिरी चट्टे पडतात आणि पुढे हाडांनाही विकार जडतो.

नागपूर शहराची गोष्ट निराळी. येथील नळाचे पाणी मुख्यतः पेंच प्रकल्प, कन्हान नदी आणि गोरेवाडा तलाव यांतून, म्हणजे भूपृष्ठावरील साठ्यांतून येते. अशा पाण्यात फ्लोराइड सामान्यतः कमी असते. म्हणून शहरातील मुलांसाठी योग्य मात्रेत टूथपेस्ट हाच सुरक्षित मार्ग ठरतो. भारतीय नियमांनी टूथपेस्टमधील फ्लोराइडवर दशलक्ष भागांत १००० भाग ही कमाल मर्यादा घातली आहे. लहान मुलांसाठी म्हणून रंगीत चित्रांसह विकल्या जाणाऱ्या काही पेस्टमध्ये मात्र ते मुळीच नसते किंवा फार कमी असते. तेव्हा नळीवरील मजकूर वाचून घेणे बरे. ज्या गावच्या पाण्यात फ्लोराइड अधिक आहे, तेथील पालकांनी लहान मुलासाठी पेस्ट निवडताना दंतवैद्याचा सल्ला घ्यावा.

महाविद्यालये आहेत, वाट लांब आहे

नागपुरात दंतवैद्यकाची सोय नाही, असे कोणी म्हणणार नाही. मेडिकलच्या परिसरातील शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय १९६८ पासून कार्यरत आहे. हिंगणा परिसरात खाजगी दंत महाविद्यालये आहेत आणि वर्ध्याजवळ सावंगी (मेघे) येथेही एक आहे. देशात अशी तीनशेहून अधिक महाविद्यालये असून पदवी अभ्यासक्रमाच्या पंचवीस हजारांहून अधिक जागा आहेत. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर प्रश्न पुरवठ्याचा उरलेला नाही. तो वाटपाचा आहे. दंतवैद्य शहरात एकवटतात, कारण फी देऊ शकणारा रुग्ण शहरात असतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात दंतवैद्याचे पद साधारणतः नसते. रामटेक वा उमरेड तालुक्यातील शेतमजूर मुलाला घेऊन नागपूरला आला, तर उपचार स्वस्तात होईलही. पण बसभाडे जाते, दिवसाची मजुरी बुडते आणि दुसऱ्यांदा बोलावले की तो येत नाही. मग उपचारांऐवजी दात काढून टाकणेच त्याला परवडते.

करांची रचनाही या प्रश्नाकडे डोळेझाक करत आली. २२ सप्टेंबर २०२५ पूर्वी टूथपेस्टवर १८ टक्के वस्तू व सेवा कर होता, तर उकळलेल्या साखरेच्या गोळ्यांवर १२ टक्के. दात किडवणाऱ्या वस्तूपेक्षा दात वाचवणाऱ्या वस्तूवर अधिक कर, असा हा उफराटा न्याय होता. नव्या रचनेत टूथपेस्ट, ब्रश आणि दंतमंजन ५ टक्क्यांवर आले, हे स्वागतार्हच आहे. मात्र त्याच वेळी गोळ्या, चॉकलेट आणि बिस्किटेही ५ टक्क्यांवर आली. साखरयुक्त थंड पेयांवर ४० टक्के कर बसला, त्यामागील विचार गोळ्या-चॉकलेटपर्यंत पोचला नाही.

अंगणवाडीच्या दारात

शासनाने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. राष्ट्रीय मुखआरोग्य कार्यक्रम २०१४-१५ मध्ये सुरू झाला. त्याआधी ६ फेब्रुवारी २०१३ रोजी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ महाराष्ट्रातच, पालघर येथे झाला. त्यातील फिरती पथके अंगणवाड्यांना वर्षातून दोनदा व शाळांना एकदा भेट देतात आणि त्यांच्या तपासणीच्या यादीत दातांचे विकारही आहेत. ३० मे २०२३ रोजी राज्याने स्वच्छ मुख अभियानासाठी सचिन तेंडुलकर यांच्याशी करार केला. प्रसिद्धी हवीच, पण दात प्रसिद्धीने घासले जात नाहीत. शाळांतून भरणाऱ्या शिबिरांचेही तसेच होते. दोन तासांत तीनशे तोंडे पाहिली जातात, नमुन्याच्या नळ्या वाटल्या जातात, छायाचित्र छापून येते. ज्यांच्या हातात ‘उपचार आवश्यक’ अशी चिठ्ठी पडली त्यांचे पुढे काय झाले, हे मात्र कोणी पाहत नाही.

याहून साधा आणि स्थायी मार्ग अन्य देशांनी दाखवला आहे. स्कॉटलंडमधील बालवाड्यांत मुले रोज शिक्षिकेच्या देखरेखीखाली एकत्र दात घासतात. आठव्या वर्षापर्यंत या कार्यक्रमामुळे दंतोपचारांवर अपेक्षित असलेली वार्षिक बचत कार्यक्रमाच्या खर्चाच्या अडीच पटींहून अधिक झाली, असे तेथील अभ्यासात दिसून आले. तो देश श्रीमंत आहे असे म्हणावे, तर फिलिपिन्सचे उदाहरण आहे. २००६ च्या पाहणीत तेथील सहा वर्षांच्या मुलांपैकी ९७ टक्के मुलांचे दात किडलेले आढळले. त्यानंतर तेथील अनेक सरकारी शाळांत हात धुण्याबरोबरच रोज फ्लोराइड पेस्टने दात घासण्याचा परिपाठ सुरू झाला. त्यासाठी दंतवैद्य लागत नाही. शिक्षक आणि नळ पुरतो.

आपल्याकडे यासाठी नवी यंत्रणा उभारण्याची गरज नाही. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेची अंगणवाडी गावोगाव पोचली आहे. तीस मुलांच्या अंगणवाडीत रोज एकदा, वर्षाचे तीनशे दिवस दात घासावयाचे म्हटले तर वाटाण्याएवढ्या मात्रेने सव्वादोन किलो पेस्ट लागेल. प्रत्येकाचा नाव लिहिलेला ब्रश, तो सुटा व कोरडा ठेवण्याची फळी आणि जेवणानंतरची पाच मिनिटे, एवढाच हा कार्यक्रम आहे. अर्थात अंगणवाडी सेविकेवर आधीच नोंदवह्यांचा आणि सर्वेक्षणांचा भार आहे. नवे काम द्यावयाचे तर जुन्यातले काही कमी केले पाहिजे आणि तिच्या मानधनात त्याची दखल घेतली पाहिजे. फुकटच्या श्रमावर उभारलेली योजना फार दिवस टिकत नाही.

याला दुसरी जोड दंत महाविद्यालयांनी द्यावयाची आहे. प्रत्येक महाविद्यालयाने काही ठरावीक अंगणवाड्या व शाळा कायमच्या दत्तक घ्याव्यात आणि त्याच मुलांना दर सहा महिन्यांनी पाहावे. सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड या द्रावणाचा समावेश जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये आवश्यक औषधांच्या यादीत केला. ते ब्रशने किडलेल्या जागी लावले की यंत्र न चालवता, सुई न टोचता बहुतेक ठिकाणी कीड थांबवता येते. तेवढी जागा काळी पडते, हा त्याचा दोष पालकांना आधी सांगितला पाहिजे. परंतु शाळेच्या ओट्यावर बसून करता येणारा, वेदनारहित आणि स्वस्त असा दुसरा उपाय सहजी सापडत नाही.

प्रतिबंधाचे दुर्दैव असे की तो यशस्वी झाला तर काहीच घडत नाही. न किडलेल्या दाढेचे उद्घाटन होत नाही आणि न आलेल्या ठणक्याबद्दल कोणी आभार मानत नाही. म्हणूनच तो अंदाजपत्रकात मागे पडतो आणि घरातही. निम्म्या मुलांना होणारा जो त्रास वर्षाकाठी दोनशे ग्रॅम पेस्ट आणि रोजची दोन-चार मिनिटे देऊन पुष्कळसा टाळता येतो, तो तसाच चालू देणे ही काटकसर नव्हे. ती उधळपट्टी आहे, आणि तिचे बिल ज्यांना अद्याप मोजताही येत नाही त्यांच्या नावावर फाडले जात आहे.